जॉन वॉर्डचा अपुरा फलक

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावी बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. या खेळातल्या थोरांचे ब्राँझचे फलक तिथे भिंतींवर ओळीने लावलेले आहेत. १९६४ साली त्यांत जॉन माँटगोमेरी वॉर्डच्या फलकाची भर पडली. पिचिंगमधला आद्य खेळाडू, सात वर्षांत १५८ विजय, १८८० साली परफेक्ट गेम, नंतर शॉर्टस्टॉप म्हणून २,१५१ हिट्स (बेसवर पोचवणारे फटके), न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनचा मॅनेजर, बॉस्टन संघाचा अध्यक्ष, अशी त्यावर नोंद आहे. (आकडे पुढे अभ्यासकांनी तपासून थोडे बदलले. आज त्याचे १६४ विजय धरतात.) शेवटच्या ओळीत म्हटलं आहे की आधुनिक संघटित बेसबॉलच्या उभारणीत त्याचा महत्त्वाचा वाटा होता.

त्याने खेळाडूंची पहिली संघटना उभी केली, हे फलकावर नाही. मालकांनी त्याला कोर्टात खेचलं आणि तिथे तो जिंकला, हेही नाही. १८९० साली देशातल्या बहुतेक नामवंत खेळाडूंना घेऊन त्याने खेळाडूंची स्वतःची लीग काढली, त्याचंही नाव नाही. माझं म्हणणं असं की त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामगिरी नेमकी हीच होती. चेंडू उत्तम फेकणारे त्याच्या आधीही होते आणि नंतरही झाले. पण खेळाडूचं कौशल्य विकत घेता येतं, खेळाडू विकत घेता येत नाही, हा फरक बेसबॉलमध्ये त्याच्याइतक्या स्वच्छपणे आणि त्याच्याइतकी किंमत मोजून आधी कोणी मांडला नव्हता. आपल्याकडे दर हिवाळ्यात लिलावाच्या बातम्या येतात तेव्हा मला हा माणूस हटकून आठवतो.

आधी त्याचा खेळ. पिचर म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज, फक्त त्याला षटक संपलं म्हणून दुसऱ्याच्या हातात चेंडू देऊन श्वास घेता येत नाही. समोरच्या संघाच्या प्रत्येक बॅटरला तोच सामोरा जातो. वॉर्डच्या काळात तर एका संघात एक, फार तर दोन पिचर असायचे. पेनसिल्व्हेनियातल्या बेलफाँट गावी ३ मार्च १८६० रोजी जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी आई-वडील दोघांनाही मुकला, आणि अठराव्या वर्षी नॅशनल लीग या व्यावसायिक बेसबॉलच्या लीगमधल्या प्रॉव्हिडन्स ग्रेज संघात दाखल झाला. पुढच्याच वर्षी, १८७९ साली, त्याने एकट्याने ४७ सामने जिंकून दिले आणि प्रॉव्हिडन्स विजेता ठरला. तेव्हा पिचर बॅटरपासून अवघ्या ४५ फुटांवर उभा राहायचा आणि हात कमरेच्या खाली ठेवूनच फेकायचा. बॅटरला उंच चेंडू हवा की खालचा, हे तो आधी सांगायचा आणि पिचरने तसाच द्यायचा असा नियम होता. १८७९ आणि १८८० या दोन हंगामांत मिळून वॉर्डने अकराशेहून अधिक इनिंग्ज टाकल्या. (बेसबॉलमधली इनिंग छोटी, संघाचे तीन बॅटर बाद होईपर्यंतची. सामन्यात प्रत्येक संघाच्या अशा नऊ.) आजचा बेसबॉलमधला आघाडीचा पिचर वर्षाला दोनशे इनिंग्ज टाकतो तेव्हा त्याच्या दमसासाचं कौतुक होतं.

१७ जून १८८० रोजी बफेलो संघाविरुद्ध त्याने परफेक्ट गेम टाकला. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस गेले, एकालाही पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोचता आलं नाही. पाचच दिवस आधी वूस्टरच्या ली रिचमंडने हा पराक्रम पहिल्यांदा केला होता. त्यानंतर नॅशनल लीगमध्ये पुढचा परफेक्ट गेम व्हायला ८४ वर्षं लागली. तो टाकणाऱ्या पिचरकडे मी पुढे येणारच आहे.

पण वॉर्डचा एकच सामना निवडायचा तर मी १७ ऑगस्ट १८८२ चा निवडेन. प्रॉव्हिडन्सच्या मैदानावर डेट्रॉइट संघ आला होता. नऊ इनिंग्ज झाल्या, धावफलक शून्य-शून्य. बारा झाल्या, पंधरा झाल्या, तरी शून्यच. वॉर्ड फेकतोच आहे. हातात ग्लोव्ह नाही. अठराव्या इनिंगमध्ये प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स रॅडबोर्नने होम रन, म्हणजे एकाच फटक्यात पूर्ण धाव, मारला आणि सामना १-० असा संपला. रॅडबोर्न खरा पिचर, पण त्या दिवशी उजव्या कोपऱ्यात क्षेत्ररक्षणाला उभा होता. वॉर्डने एकही धाव न देता अठरा इनिंग्ज टाकल्या होत्या, म्हणजे लागोपाठ दोन सामने. वय बावीस.

असा खांदा किती दिवस टिकणार? १८८४ पर्यंत वॉर्डचा उजवा हात निकामी होत आला. त्या हंगामात दुखापत वाढली तेव्हा तो डाव्या हाताने फेकायला शिकला आणि बाहेरच्या क्षेत्रात उभा राहून खेळत राहिला. उजवा हात सावरल्यावर तो शॉर्टस्टॉप झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा अत्यंत चपळ माणसाची. १८८८ आणि १८८९ साली न्यूयॉर्क जायंट्स विजेते ठरले, ते वॉर्ड शॉर्टस्टॉपला असताना. पिचर म्हणून शंभराहून अधिक विजय आणि बॅटर म्हणून दोन हजारांहून अधिक हिट्स, असा खेळाडू बेसबॉलच्या इतिहासात दुसरा नाही.

आणि याच काळात तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकत होता. १८८५ साली त्याने पदवी घेतली. मैदानावर शरीर झिजवणाऱ्या माणसाने आपण सही केलेला करारनामा वकिलाच्या नजरेने वाचला, आणि तिथून सगळं बदललं.

करारात काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा वाद त्याचाच आहे. १८७९ च्या सप्टेंबरात नॅशनल लीगचे मालक बफेलोमध्ये जमले आणि त्यांनी गुपचूप ठरवलं की प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि त्यांना दुसऱ्या कोणीही बोलवायचं नाही. याला रिझर्व्ह म्हणत. आपण राखीव कलम म्हणू. पाचाचे अकरा झाले, अकराचे चौदा झाले, म्हणजे अख्खा संघच राखीव झाला. करार एका वर्षाचा, पण वर्ष संपलं तरी खेळाडू मोकळा नाही. पुढच्या वर्षी मालक देईल त्या पगारावर त्याच संघात खेळायचं, नाहीतर घरी बसायचं. मालकाला मात्र दहा दिवसांची नोटीस देऊन खेळाडूला कधीही काढता येत होतं. पहिला फटका कोणाला बसला? १८७९ साली प्रॉव्हिडन्सला विजेतेपद मिळवून देणाऱ्या कर्णधार जॉर्ज राइटला. पुढच्या वर्षी त्याला प्रॉव्हिडन्सकडून खेळायचं नव्हतं आणि दुसरीकडे जायची मुभा नव्हती. त्याचा १८८० चा हंगाम जवळजवळ पूर्ण वाया गेला. एकोणीस वर्षांचा वॉर्ड त्याच्याच संघात होता. त्याने हे डोळ्यांनी पाहिलं.

ऑक्टोबर १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या नऊ खेळाडूंनी मिळून 'ब्रदरहूड' नावाची संघटना स्थापन केली. अध्यक्ष वॉर्ड. त्याच महिन्यात मालकांनी पगारावर २,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली. फेब्रुवारी १८८७ मध्ये शिकागोने माइक केली या लोकप्रिय खेळाडूला १०,००० डॉलरना बॉस्टनला विकलं. ज्याच्या पगाराला दोन हजारांची मर्यादा, त्याची विक्री दहा हजारांना, आणि ते दहा हजार शिकागोच्या मालकांच्या खिशात. त्या ऑगस्टमध्ये वॉर्डने एका प्रतिष्ठित मासिकात लेख लिहिला. बेसबॉल खेळाडू ही जंगम मालमत्ता आहे का, हाच लेखाचा मथळा. गुलामगिरीच्या काळात पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवणारा जो कायदा होता, त्याच्याशी त्याने राखीव कलमाची तुलना केली. अमेरिकेत गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती.

ही तुलना अतिशयोक्त आहे, असं कोणालाही वाटेल. खेळाडूला पगार होता, नाव होतं, तो खेळ सोडून दुसरं काम धरू शकत होता. गुलामाच्या यातनांशी त्याची बरोबरी करणं चूकच, आणि त्या चुकीकडे मी पुन्हा येतो. पण वॉर्डचा कायद्याचा मुद्दा अचूक होता. माणसाच्या संमतीशिवाय त्याचा व्यवहार तिसऱ्याशी करता येत असेल, तर पगार कितीही असो, त्या व्यवहारात तो माणूस उरत नाही, माल होतो. त्याच सुमारास डेट्रॉइटने डीकन व्हाइट या वयस्क खेळाडूला पिट्सबर्गला विकलं. तो म्हणाला, माझा देह विकून अर्धे पैसे मला मिळणार नसतील, तर तो विकायचा हक्क कोणालाच नाही. रोखठोक माणूस. मला हे वाक्य वॉर्डच्या अख्ख्या लेखापेक्षाही जास्त भिडतं.

१८८८ च्या अखेरीस शिकागो संघाचा मालक अल्बर्ट स्पॉल्डिंग खेळाडूंना घेऊन जगाच्या दौऱ्यावर निघाला. हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, तिथून कोलंबो, मग इजिप्तच्या पिरॅमिडसमोर सामना, पुढे युरोप. वॉर्ड या दौऱ्यात एका संघाचा कर्णधार होता. आणि तो समुद्रावर असताना इकडे मालकांनी नवा नियम आणला. खेळाडूंचे 'अ' ते 'इ' असे पाच वर्ग, पगार २,५०० पासून १,५०० डॉलरपर्यंत, आणि वर्ग ठरवताना मैदानाबाहेरची वागणूकही जमेला धरायची. शिवाय खुद्द वॉर्डलाच १२,००० डॉलरना वॉशिंग्टनला विकायचं न्यूयॉर्कच्या मालकांनी ठरवलं. वॉर्डने जायला साफ नकार दिला आणि तो व्यवहार बारगळला.

स्पॉल्डिंगबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तोही पिचरच, आणि आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ. १८७५ साली बॉस्टनकडून खेळत असतानाच, हंगाम संपायच्या आत, त्याने नियम बाजूला ठेवून पुढच्या वर्षासाठी शिकागोशी करार केला होता. जास्त पैसे आणि मोठी संधी दिसली, गेला. त्यात काही गैर नव्हतं. पण मालकाच्या खुर्चीत बसल्यावर तीच वाट त्याने इतरांसाठी बंद केली. एकाच जागेवरून चेंडू टाकलेली ही दोन माणसं एकमेकांसमोर उभी राहिली, म्हणून या लढाईचा निकाल मला अजून बोचतो.

नोव्हेंबर १८८९ मध्ये ब्रदरहूडने जाहीरनामा काढला. खेळाडू मेंढरांसारखे विकले, विकत घेतले आणि बदलले गेले, जणू ते अमेरिकेचे नागरिकच नव्हते, असं त्यात म्हटलं होतं. आणि १८९० च्या हंगामात आठ शहरांत 'प्लेयर्स लीग' उभी राहिली. तिची रचना आजही वाचण्यासारखी आहे. राखीव कलम नाही, वर्गवारी नाही, बहुतेक करार तीन वर्षांचे, नफ्यात खेळाडूंचा वाटा. सगळ्या लीगचा कारभार सोळा जणांच्या समितीकडे. प्रत्येक संघाचे दोन प्रतिनिधी, एक खेळाडूंनी निवडलेला आणि एक पैसे घालणाऱ्यांचा. सर्वोत्तम खेळाडूंचा मोठा हिस्सा तिकडे गेला. अठराव्या इनिंगमध्ये होम रन मारणारा रॅडबोर्नही त्यांत होता. त्याने त्या हंगामात बॉस्टनला २७ सामने जिंकून दिले आणि बॉस्टनच विजेता ठरला. वॉर्डचा ब्रुकलिन संघ दुसरा आला.

न्यूयॉर्क संघाच्या मालकांनी वॉर्डला रोखण्यासाठी दावा लावला होता. जानेवारी १८९० मध्ये न्यायमूर्ती ओब्रायन यांनी मनाई हुकूम द्यायला नकार दिला. एक बाजू दहा दिवसांत मोकळी होऊ शकते आणि दुसरी बाजू वर्षानुवर्षं बांधलेली, असा एकतर्फी करार न्यायालयाने बळाने पाळायला लावावा, हे त्यांना पटलं नाही. वॉर्डने कागदावर जे वाचलं होतं तेच न्यायालयाने वाचलं.

मग लीग का बुडाली? प्रेक्षक प्लेयर्स लीगकडे जास्त गेले, खेळही चांगला होता. पण एकाच शहरात दोन-दोन सामने होत होते आणि पैसा दोन्हीकडचा जळत होता. हंगाम संपल्यावर प्लेयर्स लीगचे भांडवलदार घाबरून बोलणी करायला गेले आणि आपला तोटा उघड करून बसले. समोर बसलेल्या स्पॉल्डिंगने आपला तोटा लपवला आणि बिनशर्त शरणागती मागितली. त्या बैठकीत बसू द्या म्हणून वॉर्ड आणि त्याचे सहकारी गेले, त्यांना बसू दिलं नाही. भांडवलदारांनी आपापले हिस्से विकून टाकले आणि लीग एका हंगामात संपली. समितीत अर्ध्या जागा खेळाडूंच्या होत्या, पण मैदानांचे आणि लाकडी गॅलऱ्यांचे पैसे दुसऱ्याचे होते. वॉर्डचा हिशोब इथे चुकला, असं मला वाटतं. मताचा अधिकार त्याने लिहून घेतला, तिजोरीची किल्ली मात्र दुसऱ्याकडे राहिली.

दुसरी चूक यापेक्षा मोठी आहे. गुलामगिरीची उपमा देणाऱ्या वॉर्डच्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १८८४ साली टोलेडोकडून फ्लीट वॉकर खेळला होता, त्यानंतर मोठ्या लीगांचं दार कृष्णवर्णीयांसाठी बंद झालं ते १९४७ पर्यंत. ज्यांच्या आजी-आजोबांना खरोखर बाजारात उभं करून विकलं गेलं होतं, त्यांना खेळाडूंच्या या प्रजासत्ताकात जागा नव्हती. वॉर्डला थोर म्हणताना हे लपवणं बरं नव्हे. फलक पुरा करायचा तर हेही त्यावर यायला हवं.

वॉर्ड परत नॅशनल लीगमध्ये खेळला, चौतिसाव्या वर्षी निवृत्त झाला आणि पुढे वकिली करत खेळाडूंच्या बाजूनेही उभा राहिला. ४ मार्च १९२५ रोजी, पासष्टावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो वारला. त्याच्या डोळ्यांदेखत १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळलं होतं. म्हणजे तो हरलेला असतानाच गेला.

पण आता त्या ८४ वर्षांकडे येऊ. वॉर्डनंतर नॅशनल लीगमधला पुढचा परफेक्ट गेम २१ जून १९६४ रोजी फिलाडेल्फियाच्या जिम बनिंगने टाकला. पुढच्या वर्षी खेळाडूंनी आपल्या संघटनेसाठी पूर्णवेळ प्रमुख शोधायचं ठरवलं, तेव्हा शोध घेणाऱ्या मोजक्या खेळाडूंमध्ये हाच बनिंग होता. त्यांनी पोलाद कामगारांच्या युनियनमधला मार्व्हिन मिलर निवडला. १९६८ साली पहिला सामूहिक करार झाला आणि किमान पगार ६,००० वरून १०,००० डॉलर झाला. १९६९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने कमिशनरला, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला, पत्र लिहिलं, की माझ्या इच्छेचा विचार न करता विकण्या-घेण्याची वस्तू मी नाही. १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. आणि २३ डिसेंबर १९७५ रोजी, दोन पिचरांच्या तक्रारीवर, लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला की मालकाला करार एकच वर्ष वाढवता येतो, कायमचा नाही. १८७९ पासून चालत आलेली साखळी ९६ वर्षांनी तुटली.

या निर्णयाआधी मालक शंभर वर्षं एकच भीती घालत होते, की खेळाडू मोकळे सोडले तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू पळवतील आणि स्पर्धा मरेल. आजही कोणत्याही लीगमध्ये हाच युक्तिवाद ऐकू येतो, म्हणून तो तपासून बघायला हवा. राखीव कलम पूर्ण जोरात असताना, १९४७ ते १९६४ या १८ वर्षांत, न्यूयॉर्क यांकीजने आपल्या लीगचं विजेतेपद १५ वेळा जिंकलं. खेळाडू मोकळे झाल्यावर १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत दहा वेगवेगळे संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकले. लागोपाठ दहा. एवढ्यावरून मोकळीक दिली की समतोल आपोआप येतो असं मी म्हणणार नाही, त्याला इतरही कारणं असतात. पण खेळाडूला बांधून ठेवल्याने समतोल राखला जातो, हा दावा मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता आपल्याकडे. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि तेव्हापासून 'विकला गेला' हा शब्दप्रयोग आपल्या क्रीडा पानांवर रुळला. २०२४ साली जेद्दाहला ऋषभ पंत २७ कोटींना 'विकला गेला'. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत महिलांच्या लीगचा लिलाव झाला आणि सांगलीची स्मृती मानधना ३ कोटी ४० लाखांना 'विकली गेली'. मुलगी विकली गेली, हे वाक्य इतर कुठल्याही संदर्भात वाचलं तर आपल्या अंगावर काटा येईल. इथे आपण अभिनंदन करतो. स्मृतीचं यश खरंच अभिमानाचं आहे, माझा राग शब्दावर आहे. ते पैसे तिला मिळतात, ती त्या पैशांची मालकीण आहे, ती कुठेही विकली गेलेली नाही. मग तसं लिहायचं कशाला?

शब्दांपलीकडचा प्रश्न अधिकारांचा आहे. आयपीएलमध्ये खेळाडूला पैसा उत्तम मिळतो, अदलाबदलीत त्याची संमती लागते, दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो. वॉर्डच्या काळापेक्षा हे कितीतरी बरं आहे, हे मान्य करायलाच हवं. तरी २०१० साल आठवा. एकवीस वर्षांच्या रवींद्र जडेजाने आपल्या संघाशी करार वाढवण्याऐवजी दुसऱ्या संघाशी थेट बोलणी करायचा प्रयत्न केला, म्हणून त्याला अख्ख्या हंगामासाठी बंदी आली. त्याआधी २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीग निघाली तेव्हा तिकडे गेलेल्या खेळाडूंना बोर्डाने बाहेर काढलं, पुढे बोर्डाची माफी मिळाल्यावरच परत येता आलं. नियम काय असावेत यावर मतभेद असू शकतात. पण ते नियम ठरवताना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला खेळाडूंचा निवडलेला माणूस बसलेला नसतो, हे मला मान्य नाही. २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची जी संघटना झाली ती निवृत्त खेळाडूंची आहे. आज मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंची मान्यताप्राप्त संघटना आपल्याकडे नाही.

२७ कोटीवाल्याला संघटना कशाला हवी, असं कोणी विचारेल. त्याला नकोही असेल. ती हवी आहे रणजीच्या संघात आत-बाहेर होणाऱ्या मुलाला, गुडघा गेल्यावर जिल्ह्याच्या मैदानावर परतणाऱ्या वेगवान गोलंदाजाला, लिलावात तीस लाखांच्या पायाभूत किमतीवर नाव पुकारलं जाऊन कोणी हात वर न केलेल्या पोराला. वॉर्डही त्याच्या काळातला सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्यांपैकी होता. स्वतःपुरता सौदा करून तो सुखाने राहू शकला असता. तरी तो उभा राहिला, कारण बोलण्याची ताकद त्याच्याकडेच होती.

संघटना हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. वॉर्ड न्यूयॉर्कमध्ये ब्रदरहूड बांधत होता त्याच्या आसपासच, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र करत होते, आणि प्लेयर्स लीग खेळत होती त्याच १८९० च्या जूनमध्ये गिरणगावाला रविवारची सुट्टी मिळाली. पुढे कोलंबियातच शिकलेल्या बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संप गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकाला विरोध करताना हेच सांगितलं, की माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे त्याला गुलाम करणं. खेळाडूचं काम खेळ आहे म्हणून तो या तत्त्वातून सुटत नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत मुलांची टेनिस बॉलची स्पर्धा झाली. मोठ्यांनी हौसेने लिलाव ठेवला. प्रत्येक कॅप्टनला शंभर पॉइंट, क्लबहाउसमध्ये माइक, टेबलावर लाकडी हातोडी. तीन मुलांवर बोली लागली नाही. त्यांतला एक, तिसऱ्या मजल्यावरचा, अकरा वर्षांचा, मला जिन्यात भेटला. चेंडू टी-शर्टला घासत उभा होता. "काका, मी अनसोल्ड राहिलो," म्हणाला. माझं नाव आलं नाही, असं नाही म्हणाला. अनसोल्ड. नंतर त्याला एका संघात घेतलं, तो खेळलाही, पण ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

यंदा कमिटीच्या मीटिंगमध्ये मी लिलावाला विरोध केला आणि आम्ही लहानपणी गडी वाटून घ्यायचो ते आठवण करून दिलं. दोघं-दोघं खांद्यावर हात टाकून लांब जायचे, आपापसात नावं ठरवायचे आणि परत येऊन दोन्ही कॅप्टनना विचारायचे, आंबा घेणार का फणस? कॅप्टनला माहीतच नसायचं की आंबा कोण. एखादा गडी उरला, तर तो दोन्हीकडून बॅटिंग करायचा. दोघा-तिघांनी मान डोलावली, एकजण म्हणाला की मुलांना लिलावच आवडतो. निर्णय पुढच्या रविवारी आहे.